समानतेच्या तासाला हातभार हवाय, २१ मार्चचा वंशभेदविरोधी दिन तोंडावर आलाय

सर्व सभासद आणि पालकांना नमस्कार,

आपला शाळेतला समानतेचा तास, म्हणजे कातडीच्या रंगावरून भेदभाव करू नये हे मुलांना शिकवणारा वर्ग, माहीत नाही असं इथे कोणी नाही, म्हणून ओळख करून देत बसत नाही. यंदा शाळांनी स्वतःहून बोलावलंय, आपण हो म्हणून बसलोय आणि सामान संपलंय.

पण ज्यांच्या जिवावर हे उभं राहिलं त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे लिहवत नाही. माजी अध्यक्षाबाईंनी रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशातून पहिले रंग आणले, छापखान्यावाल्या काकांनी चित्रकार्डं फुकट छापून वर स्वतः आणून पोचवली, नाव टाकू नका म्हणाले म्हणून टाकत नाही, आणि कॉलेजच्या पोरांनी परीक्षा तोंडावर असताना वर्ग सांभाळले.

त्या रंगांनी काय होतं ते वर्गात बसून बघावं. लहान मुलं कागदावर हात ठेवून आकार गिरवतात आणि त्यात आपल्या कातडीचा रंग भरायचा. डबीत तो कुणालाच सापडत नाही, अगदी गोऱ्या पोरालाही नाही. मग तपकिरी, पिवळा, पांढरा कालवायचा, मनगटावर ठिपका लावून बघायचा, शेजारणीचा हात ओढून ताडून बघायचा. तेव्हाच सांगतो की रंग बनवणाऱ्या पेशी सगळ्यांच्या कातडीत साधारण तेवढ्याच असतात, कुणाच्या मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य) जास्त बनवतात, कुणाच्या कमी, बास एवढंच.

मोठ्या वर्गांना रुबी ब्रिजेसची गोष्ट. १९६० साली ६ वर्षांची ही कृष्णवर्णीय मुलगी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या शाळेत मार्शलांच्या (सरकारी पोलिसांच्या) पहाऱ्यात गेली, गोऱ्या पालकांनी आपापली मुलं काढून नेली आणि वर्षभर वर्गात ती आणि तिच्या बाई दोघीच. यावर हमखास प्रश्न येतो, मग ती खेळायची कुणाशी?

काहीजण सुचवतात की अमेरिकेतल्या शिक्षिका जेन एलियट बाईंनी १९६८ मध्ये केला तसा निळे डोळे-तपकिरी डोळेवाला प्रयोग करा, म्हणजे डोळ्यांच्या रंगावरून वर्गातल्या मुलांना वरचढ आणि कमी ठरवून वागवायचं. आपण करत नाही, मुलांना रडवून शिकवायचं नाही हे ठरलेलं आहे. आणि एवढ्या लहान मुलांना हे कशाला, असं विचारणाऱ्यांना एकच सांगते, १९४० च्या दशकात अमेरिकेत क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या तेव्हा बहुतेकांनी गोरी बाहुलीच चांगली म्हणून उचलली. एवढ्या लहान वयात मनात हे भरलेलं असतं, मग आपण कधी बोलायचं?

मागच्या आवाहनाला अंगठे भरपूर आले, माणसं बोटावर मोजण्याएवढी. मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. यंदा तसं करू नका.

लागतंय ते: जलरंग, ब्रश, जाड कागद, कार्डांची नवी छपाई (जुनी हाताळून फाटलीत), प्रोजेक्टर उसना मिळाला तरी चालेल, आणि एका वर्गाला दोन स्वयंसेवक, ट्रेनिंग आम्ही देऊ. दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे १९६० मध्ये वंशभेदाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराच्या आठवणीत २१ मार्चला वंशभेदविरोधी दिन असतो, त्याच आठवड्यात सगळे वर्ग आहेत, म्हणून वस्तू फेब्रुवारीअखेर हव्यात. पैसे रोख, चेक, ऑनलाइन कसेही, पण कोषाध्यक्षांकडेच, पावती घ्याच. वस्तू संध्याकाळी ऑफिसात. येणार असाल तर नुसता अंगठा नको, नाव आणि कुठला दिवस जमेल ते लिहा.

आपली,
सचिव