आधी तारीख वाचायला लावणाऱ्या आप्पांना

तीर्थस्वरूप आप्पा,
सा. न. वि. वि.

हे पत्र आपल्या मोडी लिपी वाचणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकत नाही. तिथे टाकलं की दोन मिनिटांत तुमचं उत्तर येईल, "विषयाला धरून लिहावे." दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा तुम्ही तिथे टिकू देत नाही, मग आभार कुठले! म्हणून बाहेर, चारचौघांत लिहिते आहे. तुम्हाला संकोच होईल हे माहीत आहे, पण इलाज नाही.

तुम्ही मला ओळखता ते कागदांच्या फोटोंवरून. मी पोटासाठी मोडी वाचते. खरेदीखतं, वाटणीपत्रं, इनामाचे कागद येतात, त्यांचं लिप्यंतर करून देते. उरलेल्या वेळात पानिपतानंतरच्या वर्षांतले वतनाचे तंटे गोळा करते आहे. त्यावर लिहायचं आहे. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून ४५ खंड छापले, तरी न छापलेल्या रुमालांना, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांना, अंत नाही, त्यामुळे मला काम पुरून उरणार आहे.

वर्गात अक्षरं शिकले होते. पण अक्षरओळख वेगळी आणि कागद वाचणं वेगळं. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कारकुनाने आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. तिथे अडलं की माझ्यासारखे सगळे जे करतात तेच मी करायचे. अडलेला शब्द कापून त्याचा फोटो टाकायचा आणि विचारायचं, हे काय आहे? तुमचं उत्तर ठरलेलं: "अख्खं पान टाका. पाठपोट." शब्द तुम्हाला वाचता येत नव्हता असं थोडंच आहे. त्याच कारकुनाने तोच शब्द त्याच पानावर आणखी कुठे सुटा लिहिलाय का, हे आम्हीच शोधावं म्हणून तुम्ही थांबायचात. कधी कधी दिवस दिवस थांबायचात. त्या वेळी राग यायचा, खोटं कशाला सांगू.

आणि दुसरा तुमचा हट्ट, आधी तारीख. मजकूर नंतर.

जिल्कादचा तो कागद तुम्हाला आठवत असेल. 'सन इसन्ने सितैन मया व अलफ', खाली 'छ ६ जिल्काद', म्हणजे जिल्काद या हिजरी महिन्याचा सहावा चंद्र. दोन, साठ, शंभर, हजार, म्हणजे मराठ्यांच्या कागदांत चालणारा सुहूर सन, ११६२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, हे मला पाठ होतं. साल मृगाला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबर ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६००. पण इथे नेमके काय मिळवायचे? तुम्ही एवढंच विचारलंत, "साल सूर्याचं आणि महिना चंद्राचा, मग जिल्काद या सालात कितीदा आला?" संध्याकाळभर कोष्टक घेऊन बसले. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे त्या सालात जिल्कादचे पहिले दिवस दोनदा येतात. एकदा जून १७६१ च्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा मे १७६२ च्या अखेरीस, पुढचा मृग लागायच्या आधी. आणि मधे, २३ जून १७६१ ला, नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. म्हणजे हा हुकूम पानिपताने खचलेल्या नानासाहेबांच्या शेवटच्या दिवसांतला, की माधवरावांच्या कारकिर्दीतला, हे एका आकड्यावर अवलंबून. कागद नक्कल होता, शिक्का नाही. ग्रुपवरच्या एका शिक्षकांनी वारावरून ठरवावं म्हटलं, पण वार लिहिलेला नव्हता. शेवटी त्याच रुमालातल्या, याच हुकमाचा हवाला देणाऱ्या पत्रात सापडलं. वादी लिहितो, 'कैलासवासी नानासाहेब यांचे मागे' हुकूम झाला. मे १७६२! मी ते टाकलं तेव्हा तुम्ही फक्त अंगठा दाखवलात. तो अंगठा मी जपून ठेवला आहे, बरं का.

महजराच्या, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदाच्या, तळाशी नावांपुढे काढलेल्या चित्रांकडेही तुमच्यामुळेच नीट पाहू लागले. पाटलाचा नांगर ओळखीचा होता, पण बाकीच्यांची अवजारंही सह्याच आहेत आणि गोतात, म्हणजे निवाड्याला जमलेल्या गावच्या सभेत, कोण कोण बसलं होतं ते त्यावरून मोजता येतं, हे तुम्ही दाखवलंत. माझ्या लेखाचा एक भाग त्यावरच उभा आहे.

खरे आभार मात्र गेल्या दोन-तीन वर्षांतल्या कामाबद्दल मानायचे आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, पानंच्या पानं. जातीच्या रकान्यात कुठे पूर्ण शब्द, कुठे नुसतं एक अक्षर आणि पुढे संक्षेपाचे दोन दंड, म्हणजे उभ्या रेघा. समोर बसलेल्या माणसाच्या मुलाचा प्रवेश त्या अक्षरावर अडलेला असतो. तो म्हणतो, ताई, लिहून टाका ना, सगळ्यांना माहीतच आहे. अशा वेळी काय करायचं ते तुम्ही ग्रुपवर सगळ्यांसाठी लिहून ठेवलंत. जे अक्षर आहे तेच लिहा, फोडून पूर्ण शब्द करू नका. त्याच हाताने त्याच वहीत पूर्ण शब्द लिहिलेलं पान शोधा आणि ते जोडा. वाचता येत नाही तिथे जागा मोकळी सोडा, अंदाज लिहायचाच झाला तर कंसात, प्रश्नचिन्हासकट. मी तसंच करते. त्यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पण जोडलेल्या पानामुळे ज्यांचं काम झालं, त्यांना पुन्हा फेरी पडली नाही. माणसाला नाही म्हणायचं बळ एकटीला आलं नसतं. मागे तुमची ती चार वाक्यं होती.

२०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे, फोनवर मोडीत टाइप करता येतं. तुम्ही त्याला अजून हात लावलेला नाही आणि आमच्यातल्या पोरांनी लिहिलेली छापील मोडी पाहून "हिला हात नाही" म्हणता. यात मी पोरांच्या बाजूने आहे, नोंदवून ठेवते.

लेख पुरा होत आला आहे. ऋणनिर्देशात तुमचं नाव नको म्हणालात, तर नाही घालत. 'ग्रुपवरील ज्येष्ठ वाचक' एवढंच जाईल. फक्त त्या सातव्या कागदात गावाच्या नावाआधी तुम्ही 'तर्फ' वाचलंय आणि मला अजूनही 'तपे' दिसतंय (दोन्ही जुन्या महसुली विभागांची नावं). पान पाठपोट टाकते आहे. भांडू.

आपली,
जिल्कादवाली