मागची सीट ओढू नका, आधी ढकला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरून लग्नसराई जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शेडमधून जुन्या अॅम्बॅसेडर आणि पद्मिनी बाहेर निघतात. वरातीला गाडी हवी म्हणून आधी कुशनवाल्याकडे फेरी होते आणि तिथे मागची सीट काही केल्या निघत नाही. मग "काय होत नाही ओ, धरा आणि ओढा" म्हणत चौघे लागतात. तेवढ्याने भागलं नाही तर पहार येते आणि कव्हर बदलायला आलेली गाडी पत्र्याच्या कामाला जाते.

या गाड्यांची मागची बैठक एकसंध असते. साधारणपणे तिच्या फ्रेमची पुढची कड खालच्या पत्र्यावरच्या उंचवट्यामागे अडकून बसलेली असते. म्हणून ती सरळ वर उचलून किंवा पुढे ओढून येत नाही. आधी मागे, पाठीच्या दिशेने दाबायची, कड मोकळी झाली की मग वर. पुढे ओढण्यात जोर जितका जास्त, तितकी ती कड उंचवट्यात जास्त रुतते. काही गाड्यांत मागाहून कुणीतरी स्क्रू किंवा पट्टी मारलेली असते. त्यामुळे हात लावण्याआधी पायपुसणी, रबरी मॅट, गालिचा सगळं काढून बॅटरीच्या उजेडात पुढच्या कडेची खालची बाजू टोकापासून टोकापर्यंत बघावी.

दाबायची ती मधोमध नव्हे. मध्ये जोर दिला की फ्रेम धनुष्यासारखी वाकते आणि दोन्ही टोकं आणखी घट्ट होतात. टोकापासून वीतभर आत गुडघा लावावा, दोन्ही तळवे कडेखाली घालावेत, गुडघ्याने मागे रेटत त्याच दमात तीन-चार इंच वर उचलावं. एक बाजू सुटली की तिच्याखाली लाकडाचा ठोकळा सरकवून दुसरीकडे जावं. दोघे असतील तर एकाने सुटलेली बाजू नुसती धरून ठेवायची, ओढायची नाही.

एवढं करूनही सीट हलली नाही तर सगळे गंजाला दोष देतात. आमच्या मते बहुतेक वेळा गंज निर्दोष असतो. मागच्या खेपेला कव्हर बदलताना कुणीतरी काथ्या काढून जाडजूड फोम भरलेला असतो. बसायला गुबगुबीत लागतं, पण बैठकीला मागे सरकायला जी इंचभर जागा लागते ती या फोमने खाल्लेली असते. अशी सीट अडकलेली नसते, कोंबलेली असते. त्यात रेक्झिनला रेक्झिन वर्षानुवर्षं दाबून राहिलं की ते चिकट होऊन एकमेकांना धरून बसतं. यावर पहारीची गरज नाही. बैठक आणि पाठ यांच्या फटीत सनमायकाची हातभर पट्टी गुळगुळीत बाजू बैठकीकडे करून हळूहळू खाली सरकवावी, वरून शंखजिरे (टाल्कसारखी गुळगुळीत पूड) भुरभुरावे, पट्टी इकडून तिकडे फिरवावी. मग एकाने पाठीचा खालचा भाग तळव्यांनी मागे दाबून धरायचा आणि दुसऱ्याने बैठक रेटून उचलायची. त्याआधी फट झाडून घ्यावी. वरातीच्या गाडीत अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या तिथे कुजून लगदा होतो, ओल धरतो आणि फ्रेम खरोखरच पत्र्याला चिकटवतो.

पाठ काढण्याचं काम बैठक निघाल्यावरच. तिचे स्क्रू किंवा बोल्ट खालच्या कोपऱ्यांत, बैठकीआड असतात आणि वरची कड आकड्यांवर टांगलेली असते. मागच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी नेमकं या कोपऱ्यांत उतरतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात वाढलेल्या गाडीचे हे बोल्ट जाम नसतील तर नवल. आदल्या रात्री लोखंडी ब्रशने आटे खरवडून मुरणारं तेल सोडावं, सकाळी पुन्हा सोडावं. डब्ल्यूडी-४० ओल हटवायला उत्तम, पण जुन्या गंजात मुरायला खास त्यासाठीचं तेलच बरं.

पान्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्मे बोल्ट इथेच बिघडतात. अॅम्बॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे आटे इंची. पद्मिनी फियाटची, तिचे मिलिमीटरचे. १/४ इंच बोल्टच्या डोक्याला ७/१६ इंचाचा पाना लागतो, म्हणजे ११.११ मिलिमीटर. अकराचा शिरत नाही म्हणून बाराचा लावतात आणि डोकं गोल करून टाकतात. १/२ इंचाचा पाना म्हणजे १२.७, तिथे तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण त्या ०.३ मिलिमीटरच्या ढिलाईत गंजलेल्या डोक्याच्या कडा जातात. इंची सेट विकत किंवा मागून आणावा आणि सहा कोनांचाच बॉक्स पाना घ्यावा, बारा कोनांचा नको. आधी बोल्ट किंचित आवळायचा, 'कट्' असा आवाज आला की सोडवायचा, पाव फेरा पुढे आणि थोडा मागे असं करत.

कधी बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही. म्हणजे पत्र्याला वेल्ड केलेला नट सुटून आतच फिरतोय. खालून हात पोचत असेल तर लॉकिंग पकडीने नट धरावा. नसेल पोचत तर डोक्याच्या मध्यावर पंचने खूण करून आधी ३ मिलिमीटर, मग ६.५ मिलिमीटरचं ड्रिल मंद वेगाने, डोकं तुटेपर्यंतच. ड्रिल आरपार गेलं तर पलीकडे ब्रेकची नळी किंवा मागच्या दिव्यांची वायर असू शकते. हे करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढलेलं असलं पाहिजे. गॅस कटर इथे लावूच नये. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्याच अंगाला असते, आणि फोमला आग लागली तर त्याचा धूर गाडीतल्या माणसाला बाहेर पडायला उसंत देत नाही.

बोल्ट निघाल्यावर पाठीची खालची कड इंचभर पुढे घ्यावी आणि सरळ वर उचलावी. पुढे खेचलं तर वरचे आकडे वाकतात. खालून सगळं मोकळं असूनही पाठ वरून हटत नसेल तर मागच्या फळीवरचे स्पीकर पाहावेत. ते बसवताना वापरलेले लांब स्क्रू पाठीच्या फ्रेममध्ये घुसलेले असतात.

सीट बाहेर आली की लगेच फोटो काढून मोकळे होऊ नये. सीटखालचं नमद्याचं ओलं अस्तर उचलावं, खालचा पत्रा दाभणाने टोचून पाहावा. दाभण आत गेलं तर तिथे पत्रा उरलेला नाही. उंदरांचं घरटं असेल तर कोरडं झाडू नये, जंतुनाशकाचं पाणी मारून हातमोज्यांनी काढावं. तुटलेल्या स्प्रिंगची टोकंही हातात घुसतात. मग एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने मागच्या काचेवर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडायचं, गळती कुठून ते कळतं. ती बंद केल्याशिवाय रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारणं म्हणजे गंजावर पांघरूण.

५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांच्या नंबर मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात असावी आणि सांगाड्यात फेरफार नसावा, अशी अट आहे. सीटखालचा पत्रा कापून नवा ठोकण्याआधी मालकांनी एवढं ध्यानात घ्यावं.

बसवताना पाठ आधी, बैठक नंतर. अॅम्बॅसेडरमध्ये १/४ इंच बोल्टच्या नटात इंचाला २८ आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करावेत, बोल्टला ग्रीस लावावं. ६ मिलिमीटरचा बोल्ट तिथे शिरतो, पण धरत नाही. आणि कुशनवाल्याला जुनी गादी फाडू देण्याआधी तिची जाडी पुढून आणि मागून टेपने मोजून आकडे खडूने पत्र्यावरच लिहावेत. नवा फोम त्याहून जाड नको, असं त्याला तोंडी नव्हे, पावतीवर लिहून द्यावं.

आपले,
जुन्या गाड्यांच्या कामातले दोन वाचक,
उद्यमबाग, बेळगाव