गहू निवडताना आधी पाणी आणि तारीख पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीन निघून रानं मोकळी झाली की निपाणी-चिक्कोडीकडच्या बियाण्याच्या दुकानांत एकच चौकशी चालते, 'यंदा कुठला गहू जोरात आहे?' पाणी किती मिळणार आणि पेर कधी होणार, हे ना शेतकरी सांगतो, ना दुकानदार विचारतो. माझ्या मते आपल्या भागातल्या गव्हाचं निम्मं नुकसान इथंच ठरतं.

सोयाबीनच्या मागं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेर झाली आणि पाच-सहा पाण्यांची खात्री असली, तर सरबती, म्हणजे नेहमीच्या चपातीच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस योग्यच आहे. पण कृष्णाकाठी उसाचा खोडवा तुटून रान मिळायला डिसेंबर उजाडतो. पंधरा नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास घट येते, असं राहुरी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. दाणा भरायच्या वेळेला फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं आणि दाणा बारीक राहतो. अशा पेरणीला जादा युरिया टाकून गेलेले दिवस परत येत नाहीत. तिथं एनआयएडब्ल्यू ३४ सारखा उशिराचा वाण घ्यावा, बियाणं एकरी थोडं वाढवावं आणि नत्र हेक्टरी ८०-९० किलोवर थांबवावं. खर्च वाचतो, पीकही लोळत नाही.

सौंदत्ती-बैलहोंगलच्या काळ्या रानातली गोष्ट निराळी. तिथं जमिनीतल्या ओलीवर बन्सी, म्हणजे रव्याचा कडक दाण्याचा गहू येतो, तोही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरला तर. धारवाडचा यूएएस ४४६ किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ हे अशाच रानासाठी आहेत. जिरायतीला हेक्टरी ४० किलो नत्र पुरे. बागायतदाराचा डोस पाहून तो तिथं ओतला, तर पीक आधी पालेदार दिसतं आणि ओल संपली की ओंबीतच वाळतं.

कालव्याची पाळी बेभरवशाची असेल, तर मोजकं पाणी कुठं द्यायचं हे वाणाइतकंच महत्त्वाचं. एकच पाणी मिळणार असेल तर ते चाळीस-बेचाळिसाव्या दिवशी द्यावं. दोन मिळणार असतील तर पहिलं मुकुटमुळं फुटताना, म्हणजे वीस-बाविसाव्या दिवशी, आणि दुसरं साठ-पासष्टाव्या दिवशी. आणि पाणी मुबलक आहे म्हणून आठवड्याला पाट सोडणं तर थांबवायलाच हवं. अथणी, रायबाग, चिक्कोडीची किती चांगली जमीन चोपण, म्हणजे खारवट होऊन नापीक झाली, हे आपण डोळ्यांनी पाहतो आहोत.

खपलीबद्दल, म्हणजे आपल्या जुन्या सालीच्या गव्हाबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. कृष्णाकाठच्या बागायतीत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि सणाला खपलीचीच खीर लागते. तांबेरा या बुरशीच्या रोगाला ती कणखर आहे. काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत १९२२ च्या सुमारास गव्हाच्या वाणांचा जो संच ठरला, त्यात आपली खपली 'खपली' याच नावानं आहे. ज्या पिकाकडे साऱ्या जगानं असं पाहिलं, ते आपण बांधाकडेला ढकलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुनी उंच खपली खत वाढवलं की लोळायची. आता धारवाडच्या डीडीके १०२५, डीडीके १०२९ आणि आघारकरच्या एमएसीएस २९७१ यांसारख्या कमी उंचीच्या वाणांनी ती अडचण बरीच कमी केली आहे. मळणीनंतरही दाण्याला साल धरून असते, ती कांडून काढायची सोय जवळ हवी. ती नसेल तिथं एकदम पाच एकर पेरू नये, अर्ध्या एकरापासून सुरुवात करावी.

सगळं शिवार एकाच वाणाखाली आणू नये, एवढं तरी प्रत्येक गावानं पाळावं. तांबेरा आला की तो एका रानात थांबत नाही. गहू स्वपरागित असल्यानं घरचं निवडलेलं बी दोन-तीन वर्षं चालतं, त्यामुळं दोन वाण ठेवायला खर्चही फारसा येत नाही.

आपण मराठी वाचणारे, म्हणून निफाडचं गहू संशोधन केंद्र आणि राहुरी विद्यापीठ यांच्या शिफारशी आपल्या हातात लवकर पडतात. त्या चांगल्याच आहेत, पण आपल्या हवामानाला जवळचं विद्यापीठ धारवाडचं. तिथल्या वाणांची माहिती सीमाभागातल्या रयत संपर्क केंद्रांतून, म्हणजे कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक केंद्रांतून, कन्नडबरोबर मराठीतही मिळावी. खपली आणि बन्सीचं प्रमाणित बियाणं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत केंद्रात यावं, नोव्हेंबर उलटल्यावर नव्हे. प्रत्येक होबळीत (तालुक्यातल्या गावांच्या गटात) वेळेवरची, उशिराची आणि जिरायती अशा तीन पेरण्या शेजारी-शेजारी घेऊन दाखवाव्यात. कृषी खात्यानं या तीन मागण्या येत्या रब्बीच्या आधी मनावर घ्याव्यात, यासाठी आपल्या वृत्तपत्रानंही पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. चिक्कोडी, जि. बेळगाव