ही सहल नव्हे

महोदय,

शेल गॅस (चिखलापासून बनलेल्या शेल खडकात अडकलेला नैसर्गिक वायू) दीड-दोन किलोमीटर खाली असताना भूशास्त्राची मुलं झारखंडच्या ओढ्यांतून हातोडे घेऊन कशाला फिरतात, असा सवाल आपल्या पत्रसदरात एका वाचकाने केला आहे. त्यांच्या मते ती सरकारी खर्चाची सहल. त्या मुलांत माझी पुतणी होती, त्यामुळे राग आला हे कबूल करतो. पण मी एकवीस वर्षं तेलाच्या रिगवर मड लॉगर होतो, म्हणजे विहीर खोदताना वर येणारा खडकाचा चुरा तपासून नोंदी ठेवणारा, म्हणून लिहितो.

खोलवरचा खडक आम्हाला दिसायचा तो असा: खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर वर आलेला चुरा शेल शेकरच्या (चिखल गाळणाऱ्या हलत्या चाळणीच्या) जाळीवरून उचलायचा, चाळणीत धुवायचा आणि नखाएवढ्या कपच्या मायक्रोस्कोपखाली धरायच्या. त्यात वरून ढासळलेले तुकडे मिसळलेले. कपची किती खोलीवरची, तेही चिखल वर यायला लागलेल्या वेळेवरून काढायचं. कोअर (खडकाचा कापून काढलेला अखंड नमुना) घेतली तरी हाती येतो दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा दांडा. पुढची विहीर किलोमीटरभर लांब. मधे थर जाड होतो की संपतो, फटी किती, हे त्या दांड्यावरून कोण सांगणार?

उघड्या कड्यावर थराला बोट लावून शंभर पावलं चालत जाता येतं. अमेरिकेतल्या मार्सेलस शेलला नाव मिळालं, ते न्यूयॉर्क राज्यातल्या ज्या गावाजवळ तो उघडा पडला आहे त्या गावाचं. तिथल्या कड्यांवर उभ्या फटींचे दोन संच दिसतात. जुना संच साधारण पूर्व-ईशान्य दिशेचा. म्हणून तिथल्या आडव्या विहिरी उत्तर-वायव्येकडे नेतात, की त्या फटी जास्तीत जास्त छेदल्या जाव्यात.

आपल्याकडे जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ ओएनजीसीच्या विहिरीतून शेल गॅस आला, तो सुमारे १७०० मीटर खोलीवरच्या ‘बॅरन मेझर्स’मधून. कोळसा मिळत नाही म्हणून खाणवाल्यांनी वांझ ठरवलेले हे थर! तेच थर झरियाच्या बाजूला जमिनीवर उघडे आहेत. पुतणी तिथे गॅमा किरण मोजायचं यंत्र हातभर अंतराने खडकाला टेकवून आकडे लिहीत होती. ते पुढे विहिरीच्या लॉगशी, म्हणजे विहिरीत तसंच यंत्र उतरवून घेतलेल्या नोंदीशी, ताडून बघतात. चार तास, उन्हात.

अर्थात उघडा खडक जसाच्या तसा धरून चालत नाही. ऊन-पावसाने त्यातलं सेंद्रिय द्रव्य झिजतं, पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) गंजून तांबडे डाग पडतात. शिवाय वरचा भार उतरल्यावर काही फटी नव्याने पडतात, त्या खाली नसतातच. फटीत कॅल्साइट (चुन्याचं खनिज) भरलेलं असलं तर ती बहुधा खोलवरची. एवढं ओळखायला हातोडाच लागतो.

गोव्यात मात्र कोणी शेल गॅस शोधू नये. आपले चिखलाचे थर दाब-उष्णतेने केव्हाच फायलाइट (रूपांतरित खडक) झाले. पण थर वाचायला शिकायला तेही पुरतात. साखळीच्या बाजूला रस्ता रुंद करताना तिरपे, रेशमासारखे चमकणारे थर उघडे पडले होते. पुतणीला होकायंत्र धरायला मी तिथेच शिकवलं. पुढच्या पावसाआधी सगळ्यावर सिमेंट फवारलं गेलं. दरड कोसळू नये म्हणून, ते ठीकच. पण खडक घट्ट होता त्या टोकाला दहा मीटर मोकळे ठेवले असते तर काय बिघडलं असतं?

आपला,
एक निवृत्त मड लॉगर, साखळी