तिसरीतल्या मुलाला अकरा वाजता घरी पाठवण्याबद्दल

दि. 9 डिसेंबर 2024
न्यू जर्सी

प्रति,
पालक-संपर्क विभाग,
शाळेची व्यवस्थापन कंपनी
(प्रत: शाळेचे विश्वस्त मंडळ)

विषय: मुलाच्या वाचन-तपासणीचा अर्ज पडून राहिल्याबद्दल आणि कसलीही नोंद न करता त्याला घरी पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा म्हणून मी मराठी लिहिली होती, आणि तुमच्या पालक-पुस्तिकेत छापलं आहे की कोणत्याही भाषेत लिहा, भाषांतराची सोय आम्ही करू. इंग्रजीत मी तीन ईमेल पाठवल्या. तिन्हींना 'तुमचा निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं आपोआप येणारं उत्तर आलं, त्यापुढे काही नाही. निदान आता भाषांतर करण्यासाठी तरी कुणाला तरी हे पूर्ण वाचावं लागेल. शिवाय रागावायचं तर मला मराठीतच नीट जमतं.

आधी चांगलं सांगते. माझी मोठी मुलगी चार वर्षांपूर्वी प्रवेशाच्या लॉटरीत नंबर लागून तुमच्या चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणाऱ्या शाळेत, आली. वेटलिस्टवर आम्ही बरेच खाली होतो, तरी लागला. त्या वर्षी तिला मिळालेल्या बाईंनी तिला पुस्तकांचं वेड लावलं, ते मी विसरणार नाही. म्हणून तर धाकट्यालाही भावंडांच्या प्राधान्यातून इथंच घातलं. त्या बाई दुसऱ्याच वर्षी सोडून गेल्या. धाकट्याच्या वर्गाला या सप्टेंबरपासून तिसऱ्या शिक्षिका चालू आहेत, आणि त्यांचंही नाव अजून वेबसाइटवर नाही. पट्ट्याचा रंग, शर्ट खोचणं, जेवताना न बोलणं यावर मला वाद घालायचा नाही. ते आम्ही सही करून मान्य केलं होतं.

माझं म्हणणं धाकट्याच्या वाचनाबद्दल आहे. तो आठ वर्षांचा आहे. तोंडी गणितं माझ्या आधी करतो, पण समोर परिच्छेद आला की घामाघूम होतो. ओळ सोडतो, शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजाने ठोकतो. आजीने फोनवर सांगितलेली गोष्ट मात्र दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी सांगतो. 2 ऑक्टोबरला मी शाळेच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला की त्याची तपासणी करा आणि गरज असेल तर आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता खास शिक्षणाचा लेखी आराखडा, तयार करा. पोच घेतली आहे. न्यू जर्सीच्या नियमानुसार असा लेखी अर्ज आल्यावर, शाळेच्या सुट्ट्या वगळून, 20 दिवसांत चाइल्ड स्टडी टीमने (अशी तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने) पालकांसोबत बैठक घ्यायची असते. आज 9 डिसेंबर. बैठक झालेली नाही, तारीखही दिलेली नाही.

बैठकीऐवजी फोन येऊ लागले. 8 ऑक्टोबर, 17 ऑक्टोबर, 29 ऑक्टोबर, 12 नोव्हेंबर, 20 नोव्हेंबर, 3 डिसेंबर. वेळ साधारण तीच, अकराच्या आसपास. 'आज त्याचा दिवस बरा नाही, घेऊन गेलात तर त्याच्यासाठीच चांगलं.' वाचनाचा तास साडेदहाला असतो, हे मी नंतर वेळापत्रकात पाहिलं. मी तासावर काम करते. सहा वेळा निघाले, सहा वेळा पगार कापला गेला. 29 तारखेला धनत्रयोदशी होती. संध्याकाळी दिवे लावताना त्याने विचारलं, "मी शाळेला आवडत नाही का?" यावर काय सांगायचं ते पुस्तिकेत सापडलं नाही.

हजेरीचा उतारा मागवल्यावर खरी गोष्ट कळली. सहाही दिवसांपुढे 'पालक घेऊन गेले' एवढंच आहे. शिक्षा म्हणून घरी पाठवलं अशी नोंद एकही नाही. मग तुमच्या वार्षिक अहवालात निलंबनाचे आकडे कमी दिसणारच! वागणुकीवरून मुलाला तास बुडवून घरी पाठवणं आणि ते कागदावर न आणणं याबद्दल केंद्रीय शिक्षण खात्याने 2022 मध्येच शाळांना बजावलं आहे. तुमच्या कायदेशीर सल्लागारांना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आणि मग 21 नोव्हेंबरची भेट. तुमच्या एका अधिकाऱ्याने मला बसवून, अगदी गोड आवाजात, सांगितलं की ही शाळा त्याला 'योग्य जागा' आहे का याचा घरी विचार करा, टाउनच्या नेहमीच्या सरकारी शाळेत अशा मुलांसाठी जास्त साधनं असतात. लेखी द्या म्हटलं तर, 'ही फक्त गप्पांची भेट होती.' गप्पा मारायला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

तुम्ही फी घेत नाही, कबूल. पण टाउनच्या शाळांच्या अंदाजपत्रकातून माझ्या मुलाच्या नावाने रक्कम तुमच्याकडे येतेच. खाजगी शाळा नाही म्हणू शकते, तुम्ही सार्वजनिक शाळा आहात. राज्याच्या 1995 च्या कायद्याने अपंगत्व किंवा बौद्धिक क्षमता पाहून प्रवेश नाकारता येत नाही. दाराशी जे नाकारता येत नाही, ते आत घेऊन हळूहळू ढकलत बाहेर काढलं तर चालतं का? चार्टरला आमच्याकडे सनद म्हणतात. सनदेवर वतन मिळायचं, पण त्यामागे चाकरी लागलेली असायची. मिनेसोटात 1991 मध्ये पहिला कायदा झाला तेव्हापासून सौदा हाच आहे: नियमांची मोकळीक घ्या आणि निकालाचा जाब द्या. तुम्ही मोकळीक घेतलीत. जाब विचारला की मुख्याध्यापक कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी मंडळाकडे, आणि नोव्हेंबरच्या खुल्या सभेत मंडळाने मला तीन मिनिटं देऊन 'कर्मचारी संपर्क करतील' म्हणून माइक पुढच्याला दिला.

मला हवं आहे ते असं. 20 डिसेंबरच्या आत चाइल्ड स्टडी टीमच्या बैठकीची तारीख लेखी कळवा. सहा दिवसांची हजेरी दुरुस्त करा आणि त्या दिवशी काय घडलं ते कारणासह लिहा. यापुढे घरी न्यायला सांगायचं असेल तर फोनआधी कागद तयार ठेवा. आणि 21 तारखेच्या भेटीत जे बोललं गेलं, ते कंपनीचं धोरण आहे की त्या अधिकाऱ्याचं मत, एवढं एका ओळीत सांगा.

कायद्यानुसार तक्रार आधी विश्वस्त मंडळाकडे करायची असते, म्हणून प्रत त्यांना दिली आहे. तिथं दाद मिळाली नाही तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जाता येतं. अर्ज लिहून ठेवला आहे, तारीख तेवढी घालायची बाकी आहे. मुलाला मी शाळेतून काढणार नाही. उद्या सकाळीही तो शर्ट खोचून, बरोबर रंगाचा पट्टा लावून दारात उभा असेल.

सोबत: 2 ऑक्टोबरच्या अर्जाची पोच, तिन्ही ईमेलच्या प्रती, हजेरीचा उतारा, सहा दिवसांच्या पगार-कपातीच्या पावत्या.

आपली,
तिसरीतल्या विद्यार्थ्याची आई