डाव्या पायाचं जोडवं

नाशिक,
26 मे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलत होतीस आणि मी नुसतं 'हं, हं' करत होते. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते. एक गोष्ट तुला सांगावी की नाही, ते ठरत नव्हतं. झोप लागेना, म्हणून रात्री दोनला उठून लिहायला बसले. हातानेच लिहिते आहे, सकाळी बाबा फोटो काढून पाठवतील. कॅलिफोर्नियातलं ते केनेडी मेडोज सोडून ट्रेकला निघायच्या आत वाच. पुढे रेंज नाही म्हणालीस.

बाबांनी फ्रिजवर तुझ्या वाटेचा, पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा, नकाशा चिकटवला आहे. केनेडी मेडोजपासून टुओलमीपर्यंत साधारण 385 किलोमीटर, त्यावर लाल पेनाने खिंडी. फॉरेस्टर, ग्लेन, पिंचो, मेदर, मूर, सेल्डन, सिल्व्हर, डोनह्यू. मोठ्या आठ आहेत म्हणून ते त्याला अष्टविनायक म्हणतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला क्रमाने म्हणून दाखवतात. शेजारच्या काकूंनी विचारलं, "फॉरेस्टर केवढी उंच?" तर म्हणाले, "कळसूबाईवर कळसूबाई ठेवा आणि वर अजून जवळजवळ निम्मी." 4,009 मीटर म्हणजे तेवढंच होतं, मी हिशेब करून पाहिला. काकू म्हणाल्या, "अगं बाई!" आणि चहा न घेताच गेल्या.

उंचीची मला भीती नाही. तू लहानपणी अलंग-मदन केलं आहेस, आणि उंचीवर डोकं दुखलं तर खाली उतरायचं हे तुला कळतं. मला भीती आहे ओढ्यांची. तूच सांगितलंस की 2017 च्या उन्हाळ्यात तिथे ओढे ओलांडताना दोन तरुणी गेल्या. त्या वर्षी बर्फ खूप होता, वितळून सगळं पाणी ओढ्यांत उतरलं होतं. 2023 ला तर तिथल्या डोंगररांगेत, दक्षिण सिएरात, 1 एप्रिलला सरासरीच्या तिप्पट बर्फ होता, कितीतरी जण तो टप्पा गाळून पुढे गेले. यंदा तसं नाही म्हणतेस, पण बर्फ कमी म्हणजे ओढा शहाणा असं नसतं. पहाटे गुडघ्याएवढं असलेलं पाणी दुपारी चारला कमरेला येतं. दिवसभर वर ऊन बर्फ वितळवत असतं आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो. संध्याकाळी ओढ्याशी पोचलात तर अलीकडेच तंबू लावा. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला ठेव. पाय सुटलाच तर सॅक जाऊ दे. बाबा म्हणतील सॅक तीस हजारांची आहे. जाऊ दे.

हे मला कसं माहीत? तेच सांगायचं आहे.

तुला एवढंच ठाऊक आहे की आई लग्नाआधी 'डोंगरात जायची'. मे 1989 च्या शेवटी आम्ही नाशिकचे अकरा जण हिमाचलातल्या हामटा पासला, म्हणजे हामटा खिंडीला, गेलो होतो. मनमाडहून झेलमने अंबाला, तिथून रात्रभर बसने मनाली. अकरांत आम्ही मुली दोनच, मी आणि तुझी नागपूरची मावशी. ती माझी सख्खी, चुलत, मावस, कुठलीच बहीण नाही, हे तुला दहावीत कळलं तेव्हा तू केवढी चिडली होतीस. "मग मी तिला मावशी का म्हणते?" मी म्हटलं होतं, मैत्रीण आहे. ते अर्धंच उत्तर होतं.

घरून परवानगी कशी मिळवली ते लिहीत बसले तर उजाडेल. निघायच्या आदल्या दिवशी आमच्यातला एक जण म्हणाला होता, "मुली आहेत, आता दोन दिवस जास्तीचे धरा." हसत हसतच म्हणाला. पण ते वाक्य मी नाशिकहून हामट्यापर्यंत पाठीवर वाहिलं. माझ्या सॅकमध्ये सगळ्यांत जड तेच होतं.

पायात कॅनव्हासचे हंटर शूज. सह्याद्रीत त्यांच्यासारखा बूट नाही, पण बर्फात तो म्हणजे नुसतं फडकं. बालू का घेरा म्हणून मुक्काम आहे, खिंडीच्या अलीकडचा. तिथून पहाटे साडेचारला निघालो. लगेच एक ओढा. बाकीच्यांनी बूट-मोजे काढले, गळ्यात अडकवले आणि अनवाणी गेले. मला नाडी सोडून पुन्हा बांधायला वेळ लागेल, सगळे थांबतील, म्हणून मी तशीच बुटांसकट गेले. दोन मिनिटं वाचवली.

पुढे सहा तास बर्फ. सकाळी तो टणक असतो, उन्हं आली की फसायला लागतो. एकेक पाय मांडीपर्यंत आत. तासाभराने बोटं दुखायला लागली. मग खूप दुखायला लागली, डोळ्यांत पाणी यावं इतकी. आणि मग, मनू, दुखायचं थांबलं. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, चला, सवय झाली. खिंडीत पोचल्यावर लीडरने विचारलं, "सगळे ठीक?" सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने 'हो' मी म्हटलं.

खिंडीपलीकडे शियागोरूच्या मुक्कामाला उतरलो तेव्हा मी पाटावरून चालल्यासारखी चालत होते. हे पाहिलं फक्त मावशीने. तिने मला तंबूत बसवलं, नाड्या कापल्या, मोजे सोलून काढले. डाव्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी. कोणीतरी म्हणालं, बर्फाने चोळा. कोणी म्हणालं, स्टोव्हजवळ धरा. तेव्हा असंच समजत, आणि दोन्ही चूक. मावशीने कोणाचं ऐकलं नाही. स्वेटर वर केला आणि माझे दोन्ही पाय स्वतःच्या उघड्या पोटाला लावून घेतले. लावताक्षणी तिच्या तोंडून जी शिवी बाहेर पडली ती मी इथे लिहीत नाही. पण पाय सोडले नाहीत. अर्धा तास तशी बसली, दात कडकड वाजत होते, तिचे. मग माझ्या बोटांत रक्त परत यायला लागलं आणि मी किंचाळले. तुझ्या वेळेला सुद्धा इतकी ओरडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बूट घालता येईना. छत्रूपर्यंत माझी सॅक दोघांनी वाटून घेतली, आणि दोन अवघड जागी मला पाठुंगळी घेतलं. कोणी, सांगू? 'दोन दिवस जास्तीचे धरा' म्हणणाऱ्यानेच. एक अक्षर बोलला नाही. मला अजून वाटतं, बोलला असता तर बरं झालं असतं.

मनालीहून मी घरी आंतर्देशीय पाठवलं, "ट्रेक छान झाला. हवा थंड आहे. काळजी नसावी."

दोन नखं गेली, नंतर आली. पण अंगठ्याशेजारच्या बोटाची जाणीव काही परत आली नाही. लग्नात जोडवी घालताना सोनार म्हणाला, घट्ट होतंय का सांगा. उजव्या पायाचं सांगितलं. डाव्याचं मला कळलंच नाही. चार दिवसांनी बोट सुजून निळं झालं तेव्हा जोडवं कापून काढावं लागलं. तेव्हापासून डाव्या पायात मी जोडवं घालत नाही. तुझ्या आजीला सांगितलं, बोट दारात सापडलं होतं. तुलाही तेच सांगत आले.

तुझ्या त्या सॅटेलाइटवाल्या यंत्रात तयार मेसेज असतात म्हणालीस. बटण दाबलं की 'मी ठीक आहे' आणि नकाशावर ठिपका. ते माझ्या आंतर्देशीयासारखंच झालं की गं. आम्हाला तू तेच पाठव, चालेल. चार हजार मीटरवरचं खरं-खोटं इथे कळून मी काय करणार, देवापुढे वात वाढवीन फार तर. पण बरोबरच्या माणसांना ते बटण दाबून दाखवू नकोस.

तुझ्या ऑफिसातल्या दोघींना मी फोनवर ऐकलं आहे, बऱ्या वाटल्या. पण बर्फासाठी म्हणून जे दोघे तुमच्यात मिळाले, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून 1,130 किलोमीटर चालत आलेले, त्यांचे पाय आता यंत्रासारखे झाले असणार. त्यांच्या चालीने चालायला जाऊ नकोस. आणि पहिल्याच दिवशी, कुठलंच संकट नसताना, काहीतरी छोटं कबूल करून बघ. 'मला बूट नीट करायचे आहेत, थांबा.' एवढंच. ते कसे थांबतात बघ. कोणी घड्याळ बघतो का, कोणी सुस्कारा टाकतो का. फॉरेस्टरच्या अलीकडे कळलेलं बरं. नाही जुळलं तर किअरसार्ज खिंडीतून बाहेर पडता येतं, नकाशावर बाबांनी तिथे हिरवी खूण केली आहे. मला दाखवली नव्हती, मला दिसली.

तुझं त्यांनी 'चटणी' असं नाव ठेवलं हे मात्र मला फार आवडलं. आपल्याकडे आत्या बारशाला नाव ठेवते, तिथे बरोबर चालणारे ठेवतात. लसणीची चटणी अस्वलाच्या डब्यात मावते ना? अस्वलाला उघडता येऊ नये म्हणून तिथे खायचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, त्या डब्यात ठेवावं लागतं म्हणालीस. मेतकुटातल्या हिंगाचं काय होतं मला बघायचं आहे. हिंगाच्या वासाने अस्वल येतं की पळतं, ते कळव. भाजणी मी मुद्दाम दिली नाही, थालीपीठ लावत बसाल आणि गॅस संपेल. डिंकाचे लाडू रोज एक, चालता चालता.

नाकाच्या खालून आणि हनुवटीखाली क्रीम लाव, बर्फावरून ऊन खालून येतं. गॉगल दुपारी ढग असले तरी काढायचा नाही. मोज्यांचा एक जोड फक्त झोपायला, कोरडा, कोणी मागितला तरी द्यायचा नाही. मावशीला काल रात्रीच फोन केला. म्हणाली, "तिला सांग, पोट कोणाचं गरम आहे ते आधी बघून ठेव." आणि नेहमीसारखी मोठ्याने हसली.

पाच वाजत आले. बाबांचा चहा टाकते. त्यांनाही अजून बोट दारात सापडलं असंच माहीत आहे. फोटो काढायला पानं हातात घेतली की वाचतीलच. बघू काय म्हणतात.

तुझी,
आई