संगणकाच्या जाहिरातीत काम दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाची जाहिरात बहुधा आकड्यांची यादी होऊन बसते. इतके गिगाहर्ट्झ, इतकी रॅम, इतकी साठवणक्षमता. हे आकडे जाणकाराला हवे असतात. परंतु ज्याला हिशेब, लेखन किंवा मुलांचा अभ्यास यांसाठी संगणक घ्यायचा आहे, त्याच्या मनात ‘हे मला जमेल का आणि माझे काम यावर होईल का’ हाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही.

आयबीएमने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा मोठ्या कार्यालयांना अवजड यंत्रे पुरवणारी कंपनी म्हणूनच तिची ओळख होती. तिने जाहिरातींत चार्ली चॅप्लिनचा टोपी-काठीवाला भटक्या आणला. एरवी प्रत्येक यंत्रापुढे ज्याची तारांबळ उडते, तो संगणक सहज हाताळताना दिसला की पाहणाऱ्याची धास्ती आपोआप कमी होते. अ‍ॅपलने १९९८ साली आयमॅकच्या एका जाहिरातीत इंटरनेटपर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या सांगितल्या: पहिली, वीज जोडा, दुसरी, इंटरनेटची जोडणी करा, तिसरी पायरी नाहीच! २००८ साली मॅकबुक एअरच्या जाहिरातीत तर कागदपत्रांच्या साध्या पाकिटातून संगणक अलगद सरकत बाहेर येतो. जाडी किती मिलिमीटर, हे सांगण्याची गरजच उरत नाही. असले पाकीट आपण सर्वांनी हाताळलेले असते.

जानेवारी १९८४ मधील अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या जाहिरातीत संगणक दिसलाच नव्हता, तरीही ती गाजली, हा आक्षेप मला मान्य आहे. तिने कुतूहल जागवले, हे निर्विवाद. पण कुतूहल जागवणे वेगळे आणि घेणाऱ्याची खात्री पटवणे वेगळे. शिवाय, पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने डोळ्यांवर पट्टी बांधलेले नोकरदार रांगेने कड्यावरून खाली पडताना दाखवले, तेव्हा ज्यांना माल विकायचा त्यांचाच अवमान झाला आणि ती जाहिरात सपशेल फसली. ग्राहकाला मूर्ख ठरवून त्याचा विश्वास मिळत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

इंटेलने १९९१ पासून ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम राबवली, त्यासाठी संगणक बनवणाऱ्यांच्या जाहिरातखर्चातही वाटा उचलला आणि प्रोसेसर या, संगणकाची आकडेमोड करणाऱ्या पण कधीही नजरेस न पडणाऱ्या सुट्या भागाचे नाव घरोघरी पोहोचवले. अनोळखी कंपनीचा संगणक घेतानाही ग्राहकाला त्या नावाचा आधार वाटे. परंतु ते नाव प्रोसेसरपुरतेच होते. कीबोर्ड टिकेल का, पडदा उन्हात वाचता येईल का, बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, याची हमी त्यात नव्हती.

म्हणून जाहिरातदारांना माझी विनंती आहे की, बॅटरी इतके तास चालते असे ठळक अक्षरांत छापताना ती मोजणी पडद्याचा उजेड किती ठेवून आणि कोणते काम चालू असताना केली, हेही तितक्याच ठळकपणे छापावे.

आपला,
एक नियमित वाचक